पाच फ्रेममधले तात्या

तिसरी फ्रेम घेतली, कॅमेरा उजवीकडे वळवला, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तात्या पुन्हा हजर. झेंडूच्या शेतात, धुतलेली टोपी घालून, हात मांड्यांना चिकटवून एकदम सावधान.

"तात्या, तुम्ही आत्ता तिकडं होतात ना?"

"तुमी क्यामेरा इकडं वळवला ना सायेब. म्हनून आलो."

मी कपाळाला हात लावला.

ही २००४ सालची गोष्ट. इंदिरानगरमध्ये माझा छोटा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटो यांवर घर चालायचं. पॅनोरमा ही माझी हौस. त्या हौसेला पहिल्यांदाच गिऱ्हाईक मिळालं होतं. पाथर्डी शिवारात एका बिल्डरने जमीन घेतली होती. फ्लॅटमधून काय दिसेल ते दाखवणारा दहा फुटी फोटो त्याला ऑफिसच्या भिंतीवर हवा होता. डावीकडे पांडवलेण्यांचा डोंगर, उजवीकडे लांबवर अंजनेरी, मध्ये मोकळं आभाळ. जमीन तात्यांची. खरेदीखत झालं होतं, पण दसऱ्यापर्यंत झेंडू काढून घ्यायला बिल्डरने मुभा दिली होती.

पॅनोरमा म्हणजे काय ते सांगतो. एवढा मोठा देखावा एका फोटोत मावत नाही. वाइड लेन्स लावली तर मावतो, पण डोंगरांची टेकाडं होतात. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा आणि थोडा थोडा फिरवत ओळीने फोटो घ्यायचे. आपण मान फिरवून बघतो ना, तसंच. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर ते जोडायचे. नीट जमलं की माणूस भिंतीसमोर उभा राहून खरंच मान फिरवायला लागतो. ते बघताना मला आजही आनंद होतो.

पण कटकटी पुष्कळ. ट्रायपॉड जरा कलला की डोंगर घसरतात. मध्येच ढग आला की आभाळ ठिगळ लावल्यासारखं दिसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हलणारी वस्तू. कॅमेरा फिरेपर्यंत बैल पुढे गेला, तर फोटोत दोन बैल येतात.

तात्या तर कॅमेऱ्याबरोबरच चालत होते. लेन्स आपल्यावरून सरकली म्हणजे आपण फोटोतून गेलो, अशी त्यांची समजूत. दोन मिनिटं थांबून समजावलं असतं तर त्यांना कळलं असतं, माणूस हुशार होता. पण ऊन चढत होतं आणि अंजनेरी धुरकट व्हायला लागली होती. म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरवर पुसून टाकू. पाचही फ्रेम तशाच घेतल्या.

सामान आवरताना तात्या जवळ आले. "आलो का सगळ्यात?"

"आलात की."

"मंग एक कापी मला द्या बरं का. या रानात माझा एकबी फोटू नाय."

"देतो तात्या," मी म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

दोन दिवसांनी जोडलेला फोटो बिल्डरला दाखवला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "हा माणूस पाच ठिकाणी काय करतोय?"

"चार पुसतो. एक राहू द्या. शेतात माणूस असला की डोंगर किती मोठा आहे ते कळतं."

"अहो, गिऱ्हाईकाला वाटेल जमिनीवर कूळ आहे! सगळे काढा."

मी हसलो. विनोद चांगलाच होता. त्या संध्याकाळी झेंडूवर झेंडू चिकटवत मी पाचही तात्या पुसले. तेव्हा हार्ड डिस्क लहान असायची. प्रिंट पोचली की मूळ फ्रेम डिलीट करायच्या, ही माझी शिस्त, आणि त्या शिस्तीचा मला अभिमान होता. कॉपी द्यायची राहूनच गेली.

तीन वर्षांनी एक बाई स्टुडिओत आली. हातात फुलांची रिकामी पाटी.

"मी मंगल. तात्यांची मुलगी. बिल्डरच्या हापिसात तोरन द्यायला गेले व्हते. तिथं आमच्या रानाचा फोटू बघितला. त्यात तात्या नायत."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"तात्या गेले या वैशाखात. सारखं सांगायचे, सायेबांनी माझे पाच फोटू काढलेत. घरात त्यांचा एकच फोटू हाय, खरेदीखताच्या टायमाचा. तोच मोठा करून लावलाय. त्यात ते लय घाबरल्यासारखे दिसतात."

खोटं बोलावंसं वाटलं. फाईल करप्ट झाली म्हटलं असतं तर तिला ते पटलंही असतं. पण मी खरं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही. तेच जास्त लागलं.

"जोडलेला फोटो आहे," मी म्हणालो आणि स्क्रीनवर उघडला. डावीकडून हळूहळू सरकवत गेलो. चौथ्या जोडापाशी तिने काचेवर बोट ठेवलं.

"थांबा. ही टोपी नाय का?"

मी झूम केलं. सकाळचं ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येत होतं. सरीच्या काळोख्या पट्ट्यात एक लांब सावली पडली होती. ताठ अंग, चिकटलेले हात आणि वर टोपीचं टोक. माणूस पुसला होता, सावली पुसायची राहिली होती. माझ्या कामातली ती ढोबळ चूक तीन वर्षांत ना बिल्डरला दिसली, ना मला.

"एवढाच तुकडा मोठा करून द्या," मंगल म्हणाली.

दिला. वाढवल्यावर फार फुटला, नुसते ठिपके दिसायला लागले, तरी तिने तो पदराने पुसून पाटीत आडवा ठेवला. पैसे किती झाले, असं तिने विचारलं तेव्हा मला मान वर करवेना.

आता मी मूळ फ्रेम डिलीट करत नाही. आणि देखाव्यात कुणी उभं असेल, तर ट्रायपॉड लावायच्या आधी त्याचा एक साधा फोटो काढतो. त्याला दोन सेकंद लागतात.