मागून पाहिलेली मोटरसायकल

माझ्या मामासासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू समोरून पाहून विकत घेतलेली नाही. समोरून सगळेच चांगले दिसतात, असं त्यांचं ठाम मत आहे. अल्लीपूरच्या त्यांच्या घरात फ्रीज आला तो दुकानात भिंतीपासून ओढून, पाठ निरखून आणि त्या पाठीवरून दोनदा हात फिरवूनच आला. भाचीसाठी, म्हणजे आज जी माझी बायको आहे तिच्यासाठी, ते मला पाहायला आले तेव्हाही त्यांनी शिक्षण, पगार यातलं काहीएक विचारलं नाही. पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाले, "जरा त्या फाटकापर्यंत जाऊन या बरं." फाटकाशी काय काम आहे ते मला कळेना. मी गेलो, फाटकाला हात लावला आणि परत आलो. तोवर मामाजी मंडळींना घेऊन आमच्या विहिरीपलीकडे गेले होते. पाऊण तासाने परतले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने एवढंच म्हणाले, "चाल सरळ हाये." लग्न ठरलं. विहिरीपलीकडे आणखी काय बोलणं झालं, ते बारा वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही.

मामाजी म्हणजे बैलांचे पारखी. एकेकाळी आसपासच्या वीस गावांत ज्याला जोडी घ्यायची असे तो त्यांना सोबत घेतल्याशिवाय बाजारात पाऊल टाकत नसे. त्यांचे नियम तीन. जनावर आधी मागून पाहायचं. घेणाऱ्याने स्वतः कासरा धरून ते चालवून पाहायचं. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक, जनावराची खोट जनावरासमोर बोलायची नाही. "त्याले समजते," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला पन्नास पावलं लांब नेत आणि तिथे हलक्या आवाजात काय ते सांगत. चांगलं मात्र समोरच सांगायचं, तेही मोठ्याने, म्हणजे ते त्यालाही ऐकू जातं. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, मामाजींचा स्वतःचा गोठाही रिकामा झाला आणि त्यांना कोणी विचारेनासं झालं. मग ही सगळी विद्या नको तिथे बाहेर पडू लागली. एका लग्नात त्यांनी वधूपित्याला ऐन गडबडीत मांडवाबाहेर नेलं. तो बिचारा घामाघूम होऊन गेला, तर मामाजी कानात म्हणाले, "तुमच्या त्या डाव्या कूलरची चाल बरोबर नाई."

आता माझं. मी वर्ध्यात भूगोल शिकवतो. पंधरा वर्षं मुलांकडून हिमालयाच्या रांगा पाठ करून घेतल्या, स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे गेलो नाही. आयुष्यभर स्कूटर चालवली आणि चाळिशीत शाळेच्या मैदानावर, सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर गिअर टाकायला शिकलो. चौथा गिअर पडला त्या दिवशीच मी लडाखला जायचं ठरवून टाकलं. त्यासाठी लागते ती अॅडव्हेंचर मोटरसायकल. फार मोठी झेपणार नाही, फार लहान शोभणार नाही, म्हणून मधल्या आकाराची. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी मनात एक पक्की केली होती. पुढे चोचीसारखं मडगार्ड, मोठं चाक आणि मातीच्या रंगाची टाकी. माझी उंची पाच फूट चार इंच आणि तिची बैठक जवळजवळ माझ्या कमरेला लागते, हा तपशील मी घरात कोणाला सांगितला नव्हता.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामाजी हो म्हणतील ती घ्या. नाहीतर स्कूटर आहेच." मी हादरलो. ज्या माणसाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक माहीत नाही, त्याच्या हाती माझा हिमालय गेला होता. तिने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच एस.टी.ने मामाजी दारात हजर. कडक धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात छत्री. कितीतरी दिवसांनी त्यांना कोणीतरी काहीतरी पारखायला बोलावलं होतं. चहा पितानाही ते खुर्चीच्या कडेवरच बसले होते. फक्त एकदा विचारलं, "लडाखले जाता म्हनता, पन तेथ चारापानी हाये काय?" पेट्रोल मिळतं असं मी सांगितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

नागपूरच्या शोरूममध्ये टाय लावलेले एक गृहस्थ हसतमुखाने पुढे आले आणि सीसी, टॉर्क, सस्पेन्शन असं बोलू लागले. मामाजी त्यांना ओलांडून थेट माझ्या लाडक्या गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. बराच वेळ पाहिलं, मग बैठकीवरून हात फिरवला आणि अचानक गाडीच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडली. बैल बुजरा आहे की काय, हे पाहायची ती रीत. गाडी जागची हलली नाही. टायवाले गृहस्थ मात्र दोन हात मागे उडाले. मामाजी मला म्हणाले, "जनावर शांत हाये. मानूस बिचकते." मग त्यांनी मला फर्मावलं, "जवाईबापू, आता हे चालवून दाखवा. इंजन बंद. नुसता कासरा धरून."

मी हँडल धरून गाडी आवारात ढकलत नेली. दहा पावलं सगळं छान चाललं. वळताना जमिनीला जरासा उतार लागला आणि गाडी माझ्याकडे कलली. मी पाय रोवला, पोट आत घेतलं, हिमालय आठवला, पण ती अगदी सावकाश, अदबीने माझ्या अंगावर बसली. मामाजी धावत आले. टाकीवर हात ठेवून कळवळून म्हणाले, "लागलं काय बापा?" मी "नाही" म्हटल्यावर त्यांना मी तिथे आहे याची आठवण झाली.

गाडी उभी करायला तिघं लागले. मामाजींनी माझं मनगट धरलं, "ह्याच्यासमोर नोको," असं पुटपुटत मला रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत नेलं आणि तिथे हळूच सांगितलं, "पाय टेकत नाई तुमचे. आन पडलं तं एकट्यानं उचलता येत नाई. मालकच जनावराले भेत असन, तं ते चालन कसं?" महिनाभर पाहिलेल्या व्हिडिओंत हे मला इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. मला रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं, कारण ते खरं होतं.

शेवटी मामाजी थांबले ते कोपऱ्यातल्या एका राखाडी गाडीपाशी. तीही त्याच जातीची, पण हलकी आणि बैठकीला बुटकी. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "डोये मिटून बसा," ते म्हणाले. बसलो. "टेकले पाय?" टेकले. "दोनी?" दोन्ही. मग आवारात ढकलली, वळवली, उतारावर थांबवली. आम्ही दोघंही उभेच राहिलो. "लय गुनाचं जनावर!" मामाजी एवढ्या मोठ्याने ओरडले की आतल्या बायका काउंटर सोडून बाहेर आल्या. त्याच आनंदात त्यांनी टायवाल्यांचा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि बैलबाजारातल्यासारखी त्याखाली बोटं दाबून भावाची बोलणी सुरू केली. गृहस्थ आधी हसले, मग गोरेमोरे झाले, मग "सर, प्राइस फिक्स आहे" असं दीनवाणेपणे म्हणू लागले. मामाजींनी बोटं सोडली नाहीत. दोन हेल्मेट फुकट मिळाल्यावरच हात मोकळा झाला.

पहिली सफर बायकोच्या हुकमाने केळझरच्या गणपतीपर्यंत. दुसरी अल्लीपूरला, पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. मामाजींनी ती हँडलला मनसोक्त चोळली. निसटत्या मुठी धरून मी पहिल्या गिअरमध्ये वर्ध्याला पोचलो, तेव्हा बायको पोलिसांत जायच्या तयारीत होती.

तीन वर्षं झाली. लडाख राहिलं. गाडी शाळेत जाते, पवनारला जाते, अधूनमधून अल्लीपूरला जाते. यंदा आम्ही कार घ्यायचं ठरवलं, गाडीला गिऱ्हाईकही मिळालं. बायको पुन्हा म्हणाली, "मामाजींना विचारून या."

गाडी त्यांच्या कडुनिंबाखाली लावली आणि मी लगेच सुरुवात केली, "मामाजी, ही गाडी आता..." त्यांनी हात वर केला. "येथ नोको." मला रिकाम्या गोठ्यामागे नेलं. वयाने त्यांचं चालणं आता हळू झालंय, पन्नास पावलांना बराच वेळ लागला. मी सगळं सांगितलं. ते खुंट्यांकडे पाहत राहिले.

"माझी शेवटची जोडी इकली ना जवाईबापू, तवा मी त्याईच्या समोरच बोललो. म्हतारे झाले, काई कामाचे नाई राह्यले म्हनून. घेनारा घाईत होता, मी बी घाईत होतो. दोघायनं कान वर केले." मग म्हणाले, "तुमाले इकायची असन तं इका. पन तिच्यासमोर नोका बोलू."

आम्ही कडुनिंबाखाली परत आलो. मामाजींनी टाकीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, "काई नाई बापा, पान्यापावसाचं बोलून राह्यलो होतो आमी."

"हो ना," मीही गाडीकडे पाहतच म्हणालो, "यंदा कपाशीला बरा आहे पाऊस."

निघालो. आरशात मामाजी रस्त्याच्या मधोमध उभे दिसत होते, डोळ्यांवर हात धरून गाडीची चाल मागून पाहत. गाव संपल्यावर मी गाडी कडेला घेतली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि बसल्याबसल्याच गिऱ्हाइकाला फोन लावला. "गाडी विकायची नाही," मी चांगलं ओरडून सांगितलं. रस्त्यावर ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.