आठ दिवसांच्या बोलीवर राक्षस

आमच्या शाळेत एखादा निर्णय व्हायला महिना लागतो. किस्से मात्र रोजच्या रोज तयार होतात. डब्याच्या सुट्टीत मी सांगायला लागले की बाकीच्या बाया म्हणतात, "एकदा लिहून तरी काढा!" घ्या, राक्षसाचं प्रकरण लिहूनच टाकते.

कळंबपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमची चौथीपर्यंतची शाळा. माजी विद्यार्थ्यांचा वर्षभर पिच्छा पुरवून मी बारा टॅब मिळवले. पोरं आळीपाळीनं ते घरी न्यायची, वाचायची, गणितं करायची. मी हवेत होते! आणि महिन्याभरात तक्रार आली, टॅबवर राक्षस आहे.

आता आमचं कपाट सांगायला हवं. ऑफिसातल्या त्या लोखंडी कपाटात गेलेली वस्तू पुन्हा कुणाला दिसत नाही. पृथ्वीचा गोल गेला, पेटी गेली, चांगला चालू कॉम्प्युटर 'धूळ बसते' म्हणून गेला. शाळेच्या पालक समितीनं हा राक्षसाचा गेम वाईट ठरवला तर टॅबही तिथंच जाणार, हे हेडसरांनी मला किल्ली हातात धरूनच सांगितलं.

*

तक्रार गोदाकाकूंची. मुलगा-सून पुण्याला कंपनीत, त्यामुळं चौथीतल्या पूर्वाची पालक ही आजीच. पूर्वानं कुठून तरी गेम घेतला आणि बाराही टॅबवर चढवून दिला. खेळ सोपा आहे. रंगीत खडे सरकवायचे; एका रंगाचे तीन जुळले की आपली राजकन्या समोरच्या राक्षसाला तडाखा देते. मग राक्षसाची पाळी.

"जेवाय बस म्हनलं तर म्हनती, आधी राक्षस मारते, मग भाकर," काकूंनी भर सभेत सांगितलं. "लेकरं हानामारी शिकायलेत!"

"पण पूर्वानं कुणाला मारलंय का, काकू?" मी विचारलं.

"न्हाय. पन म्या रागानं पाठीत एक धपाटा घातला, तर वळून म्हनती, आजी, आता माझी पाळी!"

*

समितीचे अध्यक्ष आबा. स्वतः याच शाळेत शिकलेले; आता नातू दुसरीत, म्हणून अध्यक्ष. पण गावात त्यांचा खरा मान बैलाच्या पारखीसाठी. बोलण्याआधी चंचीतून एक झिजलेला लाल गोल तुकडा काढायचा आणि बोटांत फिरवत बसायचं, ही त्यांची सवय. तो कसला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. बैलाच्या शकुनाचं काहीतरी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

तुकडा दोन मिनिटं फिरवून आबा म्हणाले, "बैल घेताना आपन काय करताव? आठ दिवसांची बोली करताव. औताला जुपून बघायचं. मारका हाय का, बुजतो का, मधीच बसतो का. खोड निघाली तर परत. ह्येलाबी तसंच बघू."

झालं! चार टॅब चार घरी गेले: आबा, गोदाकाकू, हेडसर आणि समितीतल्या शबानाभाभी.

*

हेडसरांनी आधी प्रपत्र तयार केलं, मग गेम उघडला. त्यांचा अहवाल मी स्वतः वाचलाय.

"हिंसा आढळली काय? – होय. जखमी – निरंक. मृत – राक्षस सतरा, परंतु दुसऱ्या दिवशी सर्व पुन्हा हजर."

खाली शेरा: "हजेरीबाबत राक्षसांचा आदर्श घ्यावा." हा शेरा माझ्यासाठी होता, कारण त्या आठवड्यात माझी एसटी दोनदा चुकली होती!

*

शबानाभाभी शिवणकाम करतात. मशीनशेजारी टॅब उभा करून त्यांनी तीन दिवस खेळ पाहिला आणि चौथ्या दिवशी परत आणून दिला.

"क्या हुआ, भाभी? मारका निकला?"

"मेरेकू तो उस राक्षस पे तरस आया, बाई! वो अकेला खडा है, और ये तीन-तीन मिलके मारते. बच्चों को ये सिखाना क्या?"

मी गेमच्या बाजूनं मुद्दे काढून ठेवले होते. राक्षसाची बाजू माझ्याकडं नव्हती.

*

गोदाकाकूंची मला सगळ्यात जास्त धास्ती. पुरावा गोळा करायचा म्हणूनच त्यांनी टॅब नेलेला. पण डाळ निवडण्यात उभा जन्म गेलेली बाई! खडे दिसले की त्यांची बोटं आपोआप चालायची. पूर्वा बाविसाव्या पातळीवर अडली होती. आजी सहाव्या दिवशी चाळिसाव्यावर!

मी त्यांच्या घरी गेले तर पूर्वा ताट वाढून बसलेली. "आजे, भाकर गार व्हायलीय!"

"थांब गं, एवढा एक मारते," काकू म्हणाल्या. मग मी दिसले. त्यांनी टॅब पदराखाली घेतला आणि तोंड गंभीर केलं.

"बाई, लई वाईट गेम हाय ह्यो."

"मग परत देता?"

"धा दिवस ऱ्हाऊ द्या अजून. वाईटच हाय, पन नीट बघून सांगते."

मी येताना रस्ताभर हसत होते. एक मत तरी खिशात पडलं होतं!

*

आबांचंही जमलं होतं. "राक्षस आपली पाळी यीस्तोवर गप उभा ऱ्हातो," ते पारावर कौतुकानं सांगायचे. "आपल्या ग्रामसभेत आसला एक मानूस दाखवा!"

पण आठव्या दिवशी घात झाला. कळंबच्या बाजारात आबा एका खोंडाचा सौदा करत होते. रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव चाललेला, दोघंही चिडीचूप. सौदा तुटण्याच्या नाही तर जुळण्याच्या बेतात. आणि आबांच्या पिशवीतून टॅब ओरडला, "राज्य संकटात आहे! लवकर या!"

समोरच्यानं दचकून हात काढून घेतला. खोंड गेला.

*

शेवटच्या सभेत आबांनी तुकडा फिरवलाच नाही.

"खोड निघाली. मानूस खेळत नसला तरी ह्यो हाका मारतो. आसला बैल म्या दावणीला ठिवत न्हाय. टॅब कपाटात घाला."

"आबा, हाका मारायची ती घंटी बंद करता येते," पूर्वा दारातून म्हणाली. "दावू का?"

"ल्हान्यांनी मधी बोलायचं न्हाय," आबा म्हणाले. गोदाकाकूंनी पदराखालून टॅब काढून टेबलावर ठेवला.

हेडसरांनी कपाट उघडलं. जागा कुठली! गोल काढला, पेटी काढली, कॉम्प्युटर दोघांनी उचलला. सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, एक कॅरम बोर्ड निघाला. त्याला सुतळीनं बांधलेली सोंगट्यांची पिशवी आणि कागद. हेडसरांनी धूळ झटकून मोठ्यानं वाचलं, "मुले भांडतात, अभ्यास करत नाहीत. जप्त. इयत्ता चौथी."

"कुठल्या सालचं हो?" मी विचारलं.

"साल पुसलंय. शाई जुनी आहे, पन्नासेक वर्षं तरी झाली असतील."

पूर्वानं तोवर बोर्ड जमिनीवर आडवा टाकून सोंगट्या मांडायला घेतल्या होत्या. काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ. तिनं पिशवी उलटी करून झटकली.

"ह्यात राणी न्हाय!"

आबा खुर्चीतून उठले. गुडघे धरत खाली बसले, चंची सोडली आणि तो लाल तुकडा बोर्डाच्या बरोबर मधोमध ठेवला.

"बाई," माझ्याकडं न बघता म्हणाले, "टॅब वर्गात न्हेऊन ठिवा. आन् पोरी, ती घंटी कशी बंद करत्यात, दाव बरं."