अस्वल आणि बाहेरची कडी

नोकरीभर मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका जर्मनमध्ये उतरवल्या. निवृत्तीनंतर अंधेरीतील एका कार्यालयाकडून मुलांच्या इंग्रजी चित्रकथा येऊ लागल्या. संवादांचे जर्मन आता संगणक करतो. चित्रांत ठळक अक्षरांनी लिहिलेले आवाज मात्र माझ्याकडे येतात.

हे काम मुकाट्याने होत नाही. इंग्रजी ‘थड’ला जर्मनमध्ये ‘प्लुम्प्स’ म्हणावे की ‘रुम्स’, हे काय पडले त्यावर ठरते. म्हणून मी प्रसंग आधी मराठीत मोठ्याने म्हणतो, मग इंग्रजीत, मग जर्मनमध्ये. वस्तू आपटूनही पाहतो. बाल्कनी बंद करून केलेली खोली त्यासाठी आहे. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत.

त्या आठवड्यात तळघरात अडकलेल्या अस्वलाची कथा होती. सकाळी इन्सुलिन टोचून झाले होते, नाश्ता व्हायचा होता. पत्नी पोहे करत होती. “एवढे एक पान,” म्हणून मी खोलीत गेलो. पानावर ‘स्लॅम’ होते. खात्रीसाठी मी दार जोराने आपटले. बाहेरची सैल कडी खाली पडून अडकली.

मोबाइल स्वयंपाकघरात होता. मी दार ठोठावले.

“अगं, दार उघड.”

“पोहे झालेत. अस्वलाला म्हणावं, आधी खाऊन घे.”

“अस्वल नव्हे, मी आहे.”

“तेच ते.”

तिने चटणीसाठी मिक्सर लावला. मी ओरडलो, खुर्ची आपटली. आवाज जितका वाढे, तितके ते तिला माझे काम वाटे. मिक्सर थांबला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अहो, हळू. वरच्यांचं बाळ झोपलंय.”

कपाळाला गार घाम आला. साखर उतरत होती. पुढे काय होते ते मला ठाऊक होते. टेबलावर तीन शब्दकोश होते, खाण्याजोगे काही नव्हते. मी दाराशी खाली बसलो.

आमच्याकडे बायकोला नावाने हाक मारण्याची रीत नाही. वडिलांनी आईला तशी हाक मारली नाही, मी हिला मारली नाही. सगळा संसार ‘अगं’वर झाला. दाराच्या फटीला तोंड लावून मी तिचे नाव घेतले. मोठ्याने नव्हे; तेवढी शक्ती उरली नव्हती.

कडी निघाली. तिने माझ्या तोंडात साखर कोंबली आणि मानेखाली हात धरून बसून राहिली. बोलता येऊ लागल्यावर मी विचारले, “एकदम कशी आलीस?”

“नावाने बोलावलंत,” ती म्हणाली. “मला वाटलं, आटोपलं.”

दुपारी सुताराने कडी काढून नेली. खोलीचे दार आता उघडेच असते. मी काम करत असताना ती येता-जाता आत डोकावते. मी मान वर करून तिच्याकडे पाहिल्याशिवाय ती उंबऱ्यातून हलत नाही.