चाखायची नोकरी

बिस्किटांच्या कारखान्यात मावशी एकवीस वर्षं चाखायच्या कामावर होत्या. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं एक बिस्कीट खायचं आणि चव बरोबर असेल तर तक्त्यावर सही करायची. एका पाळीत चाळीस खेपा निघत.

तपासणीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय. पीठ, साखर कमी करा. जरा जिभेवर ताबा ठेवा, बाई."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताबा? घरी चहासुद्धा बिनसाखरेचा पिते मी. बिस्किटं खायचा मला पगार मिळतो, डॉक्टर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर स्टीलचा वाडगा ठेवला. बिस्कीट चावायचं, चव घ्यायची, थुंकायचं आणि चूळ भरायची. दहाव्या खेपेला सुपरवायझर तरातरा आला.

"मावशी, काचेपलीकडून पाहुणे बघतात! आपला माल काय थुंकायच्या लायकीचा आहे?"

"मग तू गिळ."

"एका बिस्किटानं काय होतंय?"

"चाळीस होतात रे, बाबा. एकवीस वर्षं रोज चाळीस. बरं, गिळणं माझ्या कामात आहे, असं लिहून दे. खाली सही कर. तो कागद डॉक्टरांना दाखवते."

मावशींनी पेन पुढे केलं. सुपरवायझरनं हात खिशात घातले.

"लिहायचं कशाला लगेच..."

"मग बाजूला हो. उजेड अडवतोयस."

मावशींनी पुढचं बिस्कीट चावलं, तक्त्यावर सही केली आणि त्या काचेकडे तोंड करून वाडग्यात थुंकल्या.