चिन्नीचा मानाचा घास

शंभूरावांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते. शंभूराव मात्र तंबाखूच्या वखारीचे राखणदार. शौर्याच्या म्हणाव्यात अशा घरात दोनच खुणा उरल्या होत्या, देवघरातली तलवार आणि चिन्नी नावाची शिकारी कुत्री. आपल्यापेक्षा चिन्नीशीच ह्यांचं बोलणं जास्त, असं त्यांच्या पत्नी सुमित्राबाई चारचौघांत सांगायच्या. खोटं नव्हतं ते.

तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. थोरले भाऊ वेंकोजीराव पिरियापट्टणच्या रानातून सांबर मारून आणत. घराण्याची रीत अशी, की काळजावर पाण्याचे फोड दिसले तर ते चुलीवर चढायचं नाही, पण शिकारीचं म्हणून फेकायचंही नाही. मानाचा घास म्हणून कच्चंच कुत्र्यापुढे ठेवायचं. चिन्नी ते खाई, पुढं केव्हाही येऊन शंभूरावांच्या अंगाशी लोळे, आणि हे तिला कुरवाळून त्याच हातानं नाचणीच्या पिठाचा उकडलेला मुद्दा मोडून खात.

एक दिवस शंभूरावांच्या उजव्या बरगडीखाली गोळा लागला. वात म्हणून ओवा झाला, काढे झाले, गोळा आपला वाढतोच. शेवटी पोट उघडावं लागलं. डॉक्टर कृष्णमूर्तींनी नारळाएवढी पाण्याची पिशवी फुटू न देता काढली.

"रानातल्या जनावरांचा जंत आहे हा," ते म्हणाले. "काळजातले फोड कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या आतड्यात जंत. जंताची अंडी विष्ठेतून अंगाच्या केसांना, तिथून तुमच्या हाताला, पोटात."

वेंकोजीरावांनी निकालच दिला. "दसऱ्याआधी कुत्रीला गोळी घाल. नाहीतर मी घालतो."

टाके ओले असतानाच शंभूराव पुन्हा डॉक्टरांकडे. "चिन्नीला ठेवता येईल काय हो?"

"पिशवी वाढायला कैक वर्षं लागतात. ती तर पोर आहे. तिच्या आजीचाच प्रसाद असेल हा! गुरांच्या डॉक्टरकडून तिला जंताचं औषध देत राहा, हात धुवा. अन् कच्चं काळीज कायमचं बंद."

खंडेनवमीला सांबर आलं. काळजावर तेच फोड. वेंकोजीरावांनी ते रीतीप्रमाणे चिन्नीपुढे सरकवलं. शंभूरावांनी झडप घालून उचललं, रॉकेल ओतून जाळलं आणि राख खोल पुरली.

"आजोबांपासूनचा मान मोडतोस?"

"मोडतो, अण्णा. मान पाळून हिला गोळी घालायची, हे कुठलं शौर्य?"

भाऊ लालबुंद झाले. तेवढ्यात, चिन्नीला कधी गोड शब्द न बोललेल्या सुमित्राबाई उकडलेल्या मटणाचं ताट घेऊन आल्या.

"अय्यो, भावजी, सुम्ने, गप बसा आता. शिजवलेला मान चालतो का बघू या."

चिन्नीनं हुंगलं, आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

"खाते की!" वेंकोजीराव पुटपुटले.

"न खाऊन जाते कुठं? माझ्या हातचं आहे," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि चिन्नीकडे वळलेल्या नवऱ्यापुढे त्यांनी साबणाची वडी धरली. "कुरवाळा हवं तेवढं. मग हे. मगच पानावर बसायचं."