बर्णबाचा धडा

मुकादमाचं अर्धं आयुष्य जमिनीपासून वर गेलं. पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची धुराडी, तारांचे मनोरे. जिथे शिडी पुरत नाही तिथे वरून दोराने फळी सोडायची, तिच्यावर बसायचं, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, आधी लाल प्रायमर मारायचा आणि मग रंगाचे दोन हात द्यायचे, हा त्याचा धंदा. बायको रागावली की शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांचे पाय जमिनीवर नसतात, आणि मी हे कौतुकाने म्हणत नाहीये.

या धंद्यात त्याला आणलं ते शिडीने. शिडी हे माणसाचं नाव नव्हे, पण उंच, हाडकुळ्या आणि शांत अशा त्या माणसाला पोरंटोरंच काय, त्याची स्वतःची सासूसुद्धा शिडीच म्हणायची. मुकादम विशीत होता तेव्हा भयंकर तापट होता. दोन ठिकाणी हमरीतुमरीवर येऊन त्याने काम घालवलं होतं आणि गावातला एकही ठेकेदार त्याला दारात उभा करत नव्हता. शिडीने त्याला हाताला धरून एका ठेकेदाराकडे नेलं आणि सांगितलं, हा माझ्या जोडीला राहील, काही झालं तर मला विचारा. त्या एका शब्दावर मुकादमाचा संसार उभा राहिला.

बावीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. एक जण फळीवर, दुसरा वर दोरापाशी. वरच्याचं काम दिसायला आरामाचं, पण खालच्याचा जीव त्याच्या मुठीत असतो. फळी वर घेणं, खाली सोडणं, वाऱ्याकडे लक्ष ठेवणं, हाकेला ओ देणं, सगळं त्यानेच करायचं. त्याने जागा सोडायची नाही, हा या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम.

पुढे माणसं वाढली, तो मुकादम झाला, आणि त्याच सुमारास बायकोच्या धाकट्या भावाला त्याने कामावर घेतलं. मेहुणा तिशीचा, लग्न झालेला. ज्या छापखान्यात होता तो बंद पडला म्हणून घरी बसलेला. हात चांगला होता, शिकण्याची तयारी होती. आठ महिन्यांत तो दोरापाशी उभा राहू लागला.

नदीवरच्या लोखंडी पुलाचं काम चालू होतं. मुकादम फळीवर, मेहुणा वर. शिडी पुलाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या टोळीबरोबर होता. दुपारी एकाएकी वारा सुटला. फळी हेलकावली, लोखंडावर आपटली आणि रंगाचा डबा सुटून खाली गेला. मेहुण्याने तो पाण्यात पडेपर्यंत पाहिला. पडायला किती वेळ लागला तेही पाहिलं. त्याने दोर कठड्याला बांधला, दोन पावलं मागे सरकला, मग चालायला लागला आणि मग पळत सुटला. पुलाच्या तोंडाशी बस उभी होती. तिच्यात बसून तो घरी गेला.

खाली मुकादम हाका मारत राहिला. फळी एका बाजूने कलंडली होती. कमरेच्या पट्ट्याने त्याला धरून ठेवलं होतं आणि डाव्या हाताने त्याने एक लोखंडी पट्टी धरून ठेवली होती. जीव टांगणीला लागतो असं आपण सहज म्हणतो. मुकादमाचा तसा दीड तास लागला. दोरापाशी माणूस नाही हे शेवटी लांबून शिडीच्या लक्षात आलं. तो दोघांना घेऊन धावत आला आणि तिघांनी मिळून त्याला वर ओढलं.

खांद्याला दोन महिने पट्टी होती. पट्टी सुटली, पण डावा हात कानाच्या वर जाईना, तो पुढे कधीच गेला नाही. मेहुणा तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. मुकादमाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि भावाला जिन्यापर्यंत सोडायला गेली.

चार महिन्यांनी परगावी मनोऱ्याचं काम मिळालं. माणसांची यादी चालू असताना शिडीने हळूच विषय काढला. त्यालाही घेऊ, म्हणाला, वर नको, खालचं प्रायमर मारेल. मुकादमाच्या डोक्यात तिडीक गेली. दोर सोडून पळालेला माणूस माझ्या कामावर पाय ठेवणार नाही, असं तो म्हणाला. शिडी म्हणाला, मग त्याने पाय कुठे ठेवायचा? शब्दाने शब्द वाढला. बावीस वर्षांत चढला नव्हता असा शिडीचा आवाजही त्या दिवशी चढला. शेवटी त्याने आपले ब्रश गोळा केले, आपलं दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, शिडी आणि मेहुणा कुठल्याशा शाळेच्या खिडक्या रंगवत आहेत. तळमजल्याच्या.

मग सहा वर्षं अबोला. चर्च एकच, पण मुकादम संध्याकाळच्या उपासनेला जायचा म्हणून शिडी सकाळच्या जायला लागला. बायको भावाला शिडीच्या घरी भेटायची. ती सांगून जायची, हा ऐकून घ्यायचा, आणि परत आल्यावर दोघंही तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलायचे.

खांद्यामुळे मुकादमाला जमिनीवर जास्त राहावं लागलं, आणि त्यातूनच गुरुवारचा वर्ग सुरू झाला. चर्चच्या मागच्या खोलीत दहा-बारा जण जमायचे. पाळकसाहेबांनी त्याला गळ घातली की शास्त्रातल्या एकेका माणसाबद्दल बोला, तुमच्या भाषेत बोला. त्याची भाषा म्हणजे कामाची भाषा. नोहाने तारवाला आतून-बाहेरून डांबर लावलं हे तो इतकं खुलवून सांगायचा की ऐकणाऱ्याच्या नाकात वास यावा. पडलेली भिंत बांधून काढणारा नहेम्या त्याला फार आवडायचा, आणि सगळ्यांत जास्त पौल. तंबू शिवून पोट भरणारा, मार खाणारा, पण काम अर्धवट न सोडणारा. हा माणूस आपल्यातला आहे, असं तो म्हणायचा.

माणसांची यादी पाळकसाहेबांनी केलेली असायची. एका गुरुवारी तिच्यात पौलाचा जोडीदार बर्णबा आला.

मुकादमाने तयारी जोरात केली होती. पौल आणि बर्णबा पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा तरुण मार्क त्यांच्याबरोबर होता, आणि तो अर्ध्या वाटेत त्यांना सोडून घरी परत गेला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ. पौल म्हणाला, नाही. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन गलबतावर चढला. इथपर्यंत सांगून मुकादमाने टेबलावर उजवा हात ठेवला आणि आपलं मत दिलं. बर्णबा मनाने चांगला होता, पण पौल बरोबर होता. काम म्हणजे काम. संकटात जागा सोडणाऱ्याला पुन्हा जागा देता येत नाही, कारण दुसऱ्याचा जीव त्याच्यावर असतो.

वर्गात सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. मागच्या बाकावर त्याची बायको मांडीवर हात ठेवून बसली होती.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाई मात्र नुकत्याच या भागात राहायला आल्या होत्या. त्यांना कुणाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सरळ मनाने विचारलं, "हा बर्णबा म्हणजे तोच ना, ज्याने पौलाला पहिल्यांदा सगळ्यांत आणलं? बाकीचे त्याला घाबरत होते, दारात घेत नव्हते, तेव्हा त्याची हमी घेणारा?"

मुकादम म्हणाला, तोच.

"आणि मार्कचं पुढे काय झालं?"

ते इथे दिलेलं नाही, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, इथे नाही, पण पौलाच्या अखेरच्या पत्रात आहे, वाचाल का? त्यांचा स्वतःचा चष्मा दुकानातच राहिला होता.

मुकादमाने पानं उलटली. पौल तुरुंगात आहे. थकलाय. एक सोडून गेला, दुसरा दूर गेला, जवळ फक्त लूक उरलाय. आणि तो आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की येताना मार्कला घेऊन ये, मला त्याचा कामात उपयोग आहे. मुकादमाने हे वाक्य यापूर्वी कितीतरी वेळा वाचलं असेल. त्या दिवशी तो ते पूर्ण करू शकला नाही. नाव वाचलं आणि थांबला. मार्क कामाचा माणूस झाला होता. पौलाने त्याला तसं घडवलं नव्हतं. कुणी घडवलं असेल ते त्याला कळत होतं, आणि विशीतल्या आपल्याला हाताला धरून ठेकेदाराच्या दारात कोण घेऊन गेलं होतं तेही आठवत होतं.

त्याने पुस्तक मिटलं आणि एवढंच म्हणाला की आज माझी तयारी अपुरी होती, हा धडा मी पुन्हा घेईन.

शनिवारी सकाळी तो शिडीच्या घरापर्यंत गेला, फाटकाला हात लावला आणि पुढच्या चौकापर्यंत उगाच जाऊन आला. दुसऱ्या खेपेला शिडीच्या बायकोने खिडकीतून हाक मारली की आत या, चहा टाकलाय, तिसरी फेरी कशाला?

शिडी खुर्चीत बसला होता, एक पाय स्टुलावर. गुडघा कामातून गेला होता. मुकादमाला पाहून त्याने फक्त समोरची खुर्ची दाखवली, जणू मागचा चहा कालच झाला होता. मुकादमाने कप संपवला आणि मग विचारलं, "तू त्याला का घेतलंस? तो पळाला होता. मी खोटं बोलत नव्हतो."

"तू बरोबरच होतास," शिडी म्हणाला. "मी एक दिवसही त्याला सांगितलं नाही की दाजींचं चुकलं. पण घरात तोंड दाखवता येईना, कामावर कुणी घेईना, असा माणूस कुठे जातो रे? मला त्या विचाराचीच भीती वाटली. म्हणून खिडक्यांपासून सुरुवात केली."

"आणि मी?"

"तुझ्याजवळ ताई होती. त्याची हमी घेणारं कुणी नव्हतं."

मुकादमाने खाली पाहत माफी मागितली. त्याला माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ती तुकड्यातुकड्यांनी आली आणि मध्येच त्याने गुडघ्याच्या औषधाची चौकशी केली. शिडीने सगळे तुकडे गोळा करून घेतले आणि मेहुणा सध्या कुठे काम करतो तो पत्ता दिला.

ती चार मजली इमारत होती. मुकादम समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा राहिला आणि खोट काढायच्या नजरेने बघत राहिला. गच्चीवर मेहुणा, खाली दोन फळ्यांवर दोन रंगारी. मेहुण्याने कठड्याला काठी बांधून तिला चिंधी लावली होती आणि दर थोड्या वेळाने तो तिच्याकडे बघत होता. एकदा चिंधी जरा जास्त फडफडली, तशी त्याने दोन्ही फळ्या वर घेतल्या, माणसांना पाणी प्यायला लावलं आणि वारा पडल्यावरच पुन्हा सोडल्या. फळी खाली असताना तो एकदाही जागचा हलला नाही. मुकादमाला खोट सापडली नाही. मग तो जिना चढून वर गेला.

मेहुण्याने त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला, पण दोरावरचा हात त्याने काढला नाही. फळ्या खाली होत्या. मुकादम बाजूला उभा राहिला आणि माणसं वर येईपर्यंत थांबला.

"पाण्याच्या मोठ्या टाकीचं काम घेतलंय," तो म्हणाला. "माझा दोरावरचा माणूस गेल्या महिन्यात निवृत्त झाला. तू येशील का?"

मेहुण्याने आधी दोराची गाठ तपासली. "दाजी, मी पळालो होतो," तो म्हणाला. "दोर हातात घेतला की रोज आठवतं. तुम्ही विसरला असाल तर मला नको."

"विसरलो नाही. हा हात विसरू देत नाही. पण मी आता तुला खालून बघत होतो. मला तुझा कामात उपयोग आहे."

मेहुण्याने चिंधीकडे बघितलं, कारण कुठेतरी बघणं भाग होतं. मग म्हणाला, शिडीकाकांना विचारतो. मुकादमाला हे आवडलं.

टाकीचं काम सात आठवडे चाललं. दुसऱ्या आठवड्यात तळाच्या एका सांध्यावर गंज पुन्हा फुटतोय असा संशय आला आणि तो स्वतः बघितल्याशिवाय मुकादमाला चैन पडेना. सगळ्यांनी नको म्हटलं. तो फळीवर बसला. वर मेहुणा होता. पंधरा मिनिटं तो खाली होता, आणि मेहुणा वरून दर मिनिटाला हाक देत होता, इतकी की शेवटी मुकादम वैतागून ओरडला की अरे, मला काम करू दे. वर आल्यावर त्याने पाहिलं, मेहुण्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. दोघं एकाच बाटलीतलं पाणी प्यायले.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. थंडीत खांदा ठणकला की मुकादम विनाकारण मेहुण्यावर डाफरायचा, मग त्याच्या लक्षात यायचं आणि तो दुसऱ्या कुणावर तरी डाफरायचा. पण बर्णबाचा धडा त्याने गुरुवारी पुन्हा घेतला, आणि या खेपेला पौलाबद्दल एवढंच म्हणाला की म्हातारपणी का होईना, त्याने आपलं मत लिहून बदललं, हे करायला मोठी छाती लागते. मागच्या बाकावर शिडी पाय लांब करून बसला होता.

त्या रविवारी सगळे मुकादमाच्या घरी जेवायला होते. मेहुण्याची बायको, त्याची दोन मुलं, शिडी आणि शिडीची बायको. मुकादमाची बायको भावाच्या ताटात वाढत होती आणि त्याच वेळी सहा वर्षांचं सगळं त्याला सुनावत होती. मेहुणा मान खाली घालून दोन्ही घेत होता. शिडी आणि मुकादम ताटं घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. प्रायमरचा नवा डबा पातळ येतो की नाही यावर त्यांचं जुंपलं होतं, आणि आतून तिसऱ्यांदा हाक आली तरी दोघांपैकी कुणीच उठायला तयार नव्हतं.