आत्तीच्या चुलीतला कार्बन

माझ्या पीएच.डी.चा विषय सांगायला मला दोन वाक्यं लागायची. पहिल्या वाक्याला लोक मान हलवायचे आणि दुसऱ्याला विषय बदलायचे. पहिलं वाक्य असं: तंबाखूची पानं खुडून झाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात, त्या हवा न लागू देता भाजायच्या आणि त्यांचा कार्बन करायचा. दुसरं असं: त्या कार्बनाला इतकी बारीक भोकं असतात की त्यांत वीज साठवता येते, आणि तो साठा बॅटरीपेक्षा कितीतरी लवकर भरतो.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, मात्र दुसऱ्या वाक्यावरच अडली.

आत्ती निपाणीजवळच्या गावात राहते. तिचं उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत चाळणी मारण्यात गेलं. काम सुटलं तरी मिशेरी सुटली नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी ती तंबाखू भाजून, चुरून डबीत भरायची. काड्यांचं पोतं न्यायला मी बेळगावहून तिच्याकडे जायचे, तेव्हा एकदा तिनं विचारलं, "भोकं म्हंजे किती?"

मी म्हणाले, "चमचाभर पूड घेतली आणि तिच्या आतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्या, तर तुमच्या गावातल्या शाळेचं मैदान झाकेल."

"मग अंथरून दाखव की."

"तसं अंथरता येत न्हाय, आत्ती. त्यात गॅस सोडायचा आणि किती चिकटला ते मोजायचं."

"म्हंजे अंदाजच की गं," आत्ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतली भट्टी बंद पडली. लांबट नळीची, विजेवर चालणारी भट्टी होती. तिच्या दुरुस्तीचा अर्ज कन्नडमधून द्यावा लागतो. मी कन्नड बोलते बरं, लिहिते बेताचं. कन्नडमध्ये कार्बनला 'इंगाल' म्हणतात. आपल्याकडं इंगळ म्हणजे पेटता निखारा, त्यामुळे तो शब्द मला कधी परका वाटला नाही. मी अर्जात लिहिलं, 'इंगालाची भट्टी दुरुस्त करून मिळावी.' आवक-जावक सांभाळणाऱ्या अण्णांनी ते वाचलं, कोळशाची भट्टी असा अर्थ लावला आणि फाईल हॉस्टेलच्या मेस कमिटीकडे पाठवली.

महिन्याभरानं मेसच्या मॅनेजरांचा मला फोन आला. चपात्यांची भट्टी की भाताची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं की भट्टी रसायनशास्त्र विभागात आहे. ते म्हणाले, "तिथं कोण जेवतं?"

फाईल परत यायला किती दिवस लागतील हे कुणी सांगेना. मी निपाणीची बस धरली. आत्तीला म्हटलं, भट्टी बंद आहे, काम थांबलंय.

"भाजायचंच हाय न्हवं?" ती म्हणाली. "दे हिकडं."

तिनं काड्यांचे बोटभर तुकडे केले, पत्र्याच्या डब्यात ठासून भरले, झाकण लावून वरून चिखलानं लिंपलं आणि डबा परसातल्या चुलीत ढकलला. दुपारची वेळ होती. सोप्यात टीव्ही चालू होता. आदल्या दिवशीची मालिका दुपारी परत लागायची, ती आत्ती चुलीपुढं बसून, मान वळवून, उघड्या दारातून बघायची. मालिका संपली तसा तिनं डबा बाहेर काढला आणि राखेत पुरला. "सकाळपर्यंत हात लावू नको," म्हणाली.

सकाळी डब्यातून काळ्या कुळकुळीत, हलक्या कांड्यांची रास निघाली. बेळगावला येऊन मी ती कुटली, सौम्य आम्लात धुतली, वाळवली आणि नुसती गंमत म्हणून भोकं मोजायच्या यंत्रात घातली. आकडा आमच्या भट्टीतल्या सगळ्यात चांगल्या नमुन्याच्या जवळजवळ दुप्पट आला.

माझे गाईड असलेले सर अतिशय सावध माणूस. ते म्हणाले, "यंत्र बिघडलंय." यंत्र तपासलं, ठीक होतं. "मग तू चुकलीस." मी पुन्हा केलं, तोच आकडा. "आणखी तीनदा करून आण," सर म्हणाले, "मग बोलू."

तीनातला पहिला नमुना मला मिळालाच नाही. आत्तीनं तो डबीत भरून ठेवला होता आणि गल्लीतल्या बायकांनी तो मिशेरी समजून नेला. मी गेले तेव्हा चौघीजणी कट्ट्यावर बसल्या होत्या, दात रंगवल्यासारखे काळे. त्यांची तक्रार होती. एक आक्का म्हणाल्या, "दिसायला लई ब्येस हाय. पण डोस्कं हालत न्हाय."

मी समजावलं की एवढ्या उष्णतेत तंबाखूचा अंमल जळून जातो, उरतो तो निव्वळ कार्बन. त्यांनी ऐकून घेतलं. मग दुसरी आत्तीला म्हणाली, "तुझा हात बिघडला बघ आता." आत्तीला ते लागलं. दिवसभर ती माझ्याशी तुटक बोलत होती.

पुढचे दोन्ही नमुने उत्तम आले. मग मी, आपल्यालाही जमायला हवं म्हणून, तोच डबा, तीच चूल, त्याच काड्या घेऊन स्वतः भाजलं. निघाली ती निम्मी राख आणि निम्मा कोळसा. दुसऱ्यांदाही तेच. विज्ञानात एकाच पद्धतीनं कुणीही केलं तरी तेच उत्तर यावं लागतं. सरांनी माझे आणि आत्तीचे आकडे शेजारी शेजारी मांडले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आत्ती भरवशाच्या आहेत. तू नाहीस."

त्यानंतरच्या शनिवारी सर स्वतः आले. सोबत तापमान मोजायची लांब तार, लॅपटॉप आणि आत्तीसाठी अर्धा किलो कुंदा, ती बेळगावची खव्याची मिठाई. तारेचं टोक त्यांनी डब्यात खोचलं, दुसरं लॅपटॉपला जोडलं, आणि लाकडी पाटावर मांडी घालून पडद्यावरची रेघ बघत बसले. आत्तीनं पाहुणा आला म्हणून टीव्ही बंद करायला घेतला. सर म्हणाले, "नको, रोज करता तसंच करा."

रेघ वर चढली, मग सपाट झाली. बराच वेळ सपाट. मग एकदम चढली, पुन्हा सपाट. पुन्हा चढली. जिन्याच्या पायऱ्या दिसाव्यात तशी. सर हळू आवाजात मला म्हणाले, "इतका शिस्तीचा आलेख मी आपल्या भट्टीतसुद्धा बघितलेला नाही. विचार त्यांना, लाकूड कधी सारायचं हे कसं ठरवतात."

मी विचारलं.

"जाहिरात लागली की," आत्ती म्हणाली.

सरांना ऐकू आलं नाही असं वाटून तिनं नीट सांगितलं. मालिका चालू असताना ती हलत नाही. जाहिरात लागली की लाकूड सारते. साबणाची जाहिरात छोटी, तेव्हा एक. सोन्याच्या दुकानाची लांबलचक असते, तेव्हा दोन, आणि फुंकणी. सरांनी हे सगळं वहीत टिपून घेतलं. सपाट भाग म्हणजे मालिका, चढ म्हणजे जाहिराती. मी भाजत होते तेव्हा टीव्ही बंद ठेवून, डोळ्यांत तेल घालून, सतत लाकूड घालत होते. तिथंच चुकत होतं. काड्यांत मुळातच पोटॅशचा अंश भरपूर असतो. त्याला थांबून थांबून ताप मिळाला की तो आतून कार्बन पोखरतो आणि भोकं पडतात, असा खुलासा सरांनी परतीच्या बसमध्ये केला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला आनंदी वाटला.

आता तोच आलेख आणखी तीनदा मिळवायचा आणि थांबायचं, असं ठरलं. पण पुढच्या आठवड्यात मालिकाच संपली. नायिकेला तिचं हरवलेलं मूल सापडलं, सगळे एकमेकांच्या पाया पडले आणि दुसऱ्या दिवशीपासून त्या वेळेला पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला. आत्तीला तो आवडला नाही, ती सारखी उठून जायची. नमुना वाया गेला.

मी मोबाईलवर जुने भाग लावून दिले. मोबाईलवर जाहिराती नव्हत्या. आत्ती भाग संपेपर्यंत एकटक बघत राहिली आणि चूल विझली.

शेवटी सरच पुन्हा आले. मी मोबाईल धरून बसले. सरांनी आधीचा आलेख समोर ठेवला आणि हातात घड्याळ घेतलं. ठरलेली वेळ आली की मी मोबाईल थांबवायचे आणि सर जाहीर करायचे, "जाहिरात."

"कशाची?" आत्ती विचारायची.

"साबण."

आत्ती एक लाकूड सारायची. पुढच्या वेळी सर म्हणायचे, "सोनं." आत्ती दोन लाकडं सारून फुंकणी उचलायची आणि सर तिचं फुंकून होईपर्यंत थांबायचे. एकदा त्यांनी घाईनं "मालिका सुरू" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "सोन्याची एवढ्यात संपत न्हाय." सरांनी सॉरी म्हटलं. असं तीन शनिवार आम्ही केलं. शेजारची आक्का कुंपणापाशी येऊन बघून गेली.

तिन्ही नमुने जमले.

दरम्यान भट्टी दुरुस्त झाली. खर्च मेसच्या खात्यातून झाला होता, त्यामुळे दुरुस्तीवाले तिच्या अंगावर 'पाकशाले', म्हणजे स्वयंपाकघर, असं कन्नडमध्ये रंगवून गेले. आम्ही तिच्यात आत्तीच्या पायऱ्या भरल्या: इतकी मिनिटं सपाट, मग चढ, मग सपाट. पहिल्याच वेळी नमुना बरोबर आला. मी आत्तीला फोन केला. ती म्हणाली, "मशीनला टीव्ही लागला न्हाय व्हय?"

प्रबंधाची तोंडी परीक्षा ऐकायला कुणीही येऊन बसू शकतं. मी आत्तीला बोलावलं. ती इरकली नेसून, शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाहेरून आलेले परीक्षक धारवाडकडचे, वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, या पायऱ्यांचे नेमके हेच कालावधी का? कुठल्या गणितानं काढले?

सर छताकडे बघू लागले. काहीतरी भारदस्त उत्तर देता आलं असतं, मी पाठही केलं होतं. पण आत्ती समोर बसलेली. मी खरं सांगितलं. मालिका, साबण, सोनं, सगळं.

परीक्षकांनी विचारलं, "त्या आल्यात?"

मी दाखवलं. त्यांनी तिथूनच कन्नडमध्ये तिला विचारलं, मालिका झाली की लगेच डबा काढता, की आणखी काही बघून?

आत्ती उठून उभी राहिली. वखारीत राहून तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती म्हणाली, "मालिका संपली तरी वास बघतोच की. वास बदलतो."

"कसा होतो?"

"झाल्यावानी होतो," म्हणाली.

परीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले.

मला पदवी मिळाली. एकच दुरुस्ती सुचवलेली होती: प्रबंधात 'चूल' हा शब्द मी इंग्रजी लिपीत तसाच ठेवला होता, त्याजागी 'घरगुती जैवइंधन भट्टी' असं इंग्रजीत लिहावं. मी एका दुपारी बसून सगळीकडे बदललं. रविवारी जाऊन आत्तीला प्रबंधाची बांधलेली प्रत दाखवली आणि डब्याच्या चित्राखालची ओळ मराठीत करून वाचली. तिनं ती मला दोनदा वाचायला लावली.

"अशी भट्टी आमच्यात न्हाय," ती म्हणाली. "कुणाची बघून आलीस?"